मुळावरचा थर

"ह्या दाताला कुणी जीभ लावली होती का?"

डॉ. निखत मुजावर यांनी हे इतक्या सहज विचारलं, की हर्षला तांडेलला आधी वाटलं, आपली थट्टा चालली आहे. मग तिला हसू आलं. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात आपण असं मोकळेपणी कधी हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"कुणी म्हणजे काय, बाबांनीच. सापडलेल्या प्रत्येक दाताला ते जीभ लावायचे."

"प्रत्येक? पण बाकीच्या दातांवर तर काहीच दिसत नाही."

"बाकीचे घरी आणून ॲसिडच्या पाण्यात बुडवायचे. चुन्याची पुटं निघून लख्ख व्हायला."

निखतने कपाळाला हात लावला. ती मिरजेची, हर्षलापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान. पुण्यातल्या ह्या प्रयोगशाळेची प्रमुख होऊनही तिच्या बोलण्यातली मिरज गेली नव्हती. "मारलं की ओ तुमच्या बाबांनी आम्हाला. एक तर चाटायचं, नाहीतर ॲसिडात घालायचं. मधलं काही नाहीच."

दोघींच्या मध्ये टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडा होता. त्यात कापसाच्या थरांवर शार्कचे दात होते. काळे, राखाडी, मधाच्या रंगाचे. काही तळहाताएवढे, काही नखाएवढे. कुठलाच दात आजच्या शार्कचा नव्हता. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी कच्छच्या वाळवंटाजागी उथळ, कोमट समुद्र होता, आणि हे दात ज्यांच्या जबड्यातून पडले त्या जाती केव्हाच संपून गेल्या होत्या.

हर्षलाचे वडील, हरेश्वर तांडेल, डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातले. होडी थोरल्या भावाकडे गेली आणि हरेश्वर डिप्लोमा करून कच्छमधल्या एका लिग्नाइटच्या खाणीवर सर्व्हेअर म्हणून लागले. बायको-मुलं डहाणूलाच राहिली. खाणीवरच्या क्वार्टर्समध्ये पाणी एक दिवसाआड यायचं आणि मराठी शाळा नव्हती. रविवारी करायचं काय, म्हणून हरेश्वर खाणीच्या पलीकडच्या एका उतारावर भटकायला लागले, आणि तिथे त्यांना पहिला दात सापडला. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत त्यांचा एकही रविवार मोकळा गेला नाही.

"आमच्या सात पिढ्यांनी जिवंत मुशी पकडल्या," ते सांगायचे. शार्कला ते मुशीच म्हणत. "मी मेलेल्या पकडतो. चावायची तरी भीती नाही."

यावर आईचं ठरलेलं उत्तर असायचं. "जिवंत आणली असतीत तर कालवण तरी झालं असतं."

जीभ लावण्यामागे मात्र हिशेब होता. उतारावर काळे खडे खंडीभर, आणि मातीत अर्धा रुतलेला दात लांबून खड्यासारखाच दिसतो. पण दाताचं मूळ सच्छिद्र असतं. जिभेचं टोक त्याला लावलं की ती बारीक छिद्रं ओल शोषून घेतात आणि जीभ क्षणभर धरल्यासारखी होते. खडा धरत नाही. हरेश्वर गुडघ्यावर बसत, तुकडा पंच्याने पुसत, डोळे मिटून जीभ लावत. मग एकतर तो मागे भिरकावत, नाहीतर म्हणत, "धरला बरं का."

"हा मात्र धुतलेला नाही," निखत म्हणाली. तिच्यासमोरच्या काचेच्या बशीत नखाएवढा एक दात होता, मुठीत मावेल अशा पिवळसर दगडात अर्धा रुतलेला. "का बरं?"

"तो माझा आहे. मी दुसरीत असताना मला सापडला. ते दगडातून काढायला निघाले तर मी रडून गोंधळ घातला. दगडासकटच ठेवा म्हटलं."

"देवाची कृपा तुमच्या रडण्यावर," निखत म्हणाली.

---

शार्कच्या अंगात हाडं नसतात. सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा. मासा मेला की तो विरघळून जातो. दात मात्र आयुष्यभर पडत राहतात. पुढचा पडला की मागच्या रांगेतला सरकून त्याची जागा घेतो. एक शार्क हजारो दात समुद्राच्या तळावर टाकून जातो आणि त्याच्याविषयी पुढे जे काही कळायचं ते त्या दातांवरूनच.

हरेश्वरना त्या उतारावर एक गोष्ट खटकली होती. अर्ध्या उंचीवर मातीचा एक पिवळा पट्टा होता. त्या पट्ट्यात मोठे दात जवळजवळ नव्हतेच. होते ते सगळे लहान, पण घडणीने थेट मोठ्यांसारखे. "हे मुशींचं माहेर होतं," ते हर्षलाला सांगायचे. "आया भर समुद्रातून इथे उथळ पाण्यात बाळंतपणाला यायच्या. पिल्लं इथेच वाढायची." खाणीवर अधूनमधून येणाऱ्या भूशास्त्रज्ञांना त्यांनी हे धीर करून विचारलं होतं. ते म्हणाले, लहान दात म्हणजे लहान जातीचा मासा असेल, तांडेल. हरेश्वर मान डोलावून गप्प बसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. शेवटच्या आजारपणातसुद्धा, नाकात नळी असताना, ते हर्षलाला म्हणाले होते, "कुणीतरी विचारायला पाहिजे होतं गं त्या दातांना."

आता विचारता येत होतं.

निखतच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. तिथली मुलं त्याला 'मावशी' म्हणत, कारण ते एकदा बोलायला लागलं की सगळं सांगून मोकळं व्हायचं. मावशी दाताचा केसापेक्षाही बारीक थर प्रकाशाच्या सुईने जाळायची, त्या धुरातले रेणू वाचायची, मग खालचा थर. एका बाजूने जाळत जायचं, दुसऱ्या बाजूने वाचत जायचं. वाचून संपलं की दातही संपलेला असायचा.

"ह्या जातीची पिल्लं पोटात असतानाच आईची बाकीची अंडी खातात," निखतने समजावलं. "म्हणजे जन्माला येतानाच पिल्लू आईपेक्षा वरच्या दर्जाचं मांसाहारी असतं, अन्नसाखळीच्या हिशेबात. त्याची खूण पहिल्या दातांत उतरते. पुढे ते स्वतः शिकार करायला लागलं की काही महिन्यांत पुसट होते. ह्या दातात ती खूण सापडली, तर दात नवजात पिल्लाचा. आणि दात अजून त्याच्या दगडात आहे, म्हणजे तो कुठून वाहत आलेला नाही. तुमचे बाबा बरोबर."

"आणि नाही सापडली तर?"

"तर लहान जातीचा मासा. पण कळेल, हे नक्की. आणि ताई, दुसरा असा दात मिळायचा नाही. त्या उतारावर आता सौरपट्ट्या बसल्यात, भोवती कुंपण. मी तीनदा अर्ज केला. आत पाऊल टाकू देत नाहीत."

"मग वाचा ना."

निखतने बशी जरा स्वतःकडे ओढली. "वाचते. पण आधी तुम्हाला सांगायला पाहिजे. मावशीने वरवर हुंगलं तेव्हा मुळाच्या छिद्रांत माणूस सापडला. थुंकीतली काही प्रथिनं दाताच्या खनिजाला घट्ट चिकटतात, ते त्यांचं कामच आहे. आपल्या तोंडात तीच दातांवर पातळ थर धरतात. ह्या मुळाने ती धरून ठेवली, आणि त्यांच्यासोबत बाकीचंही बरंच." तिने बशी हर्षलाकडे फिरवली. "दोन माणसं आहेत. एक पुरुष, चाळिशीच्या आतबाहेर. आणि एक लहान मुलगी. त्याचीच."

हर्षला खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर चार्जिंगला लावत होतं.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. बाबांनी दात जिभेला लावला, डोळे उघडले आणि दगड तिच्या तोंडापुढे धरून म्हणाले, बघ, तुलाही धरतो का. तिने जीभ लावली. खारट, मातकट. जीभ धरली गेली आणि ती किंचाळली. बाबा इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं.

"तो थर मी जाळून काढणार आहे, न वाचता, एका झटक्यात," निखत म्हणाली. "वाचायचा म्हटला तर मावशीला सावकाश जावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत आतलं भाजून निघतं. मूळ तांदळाच्या दाण्याएवढं. दोन तुकडे करायलाही जागा नाही. एक तर वरचं, नाहीतर आतलं."

"आतलं," हर्षला लगेच म्हणाली.

---

वर्षश्राद्धाला कल्पेश मस्कतहून आला. हर्षलाचा धाकटा भाऊ, तिकडच्या बंदरावर क्रेन चालवणारा. लहानपणी त्याला मेंदूज्वर झाला होता आणि त्यात डावा कान गेला, म्हणून तो समोरच्याकडे नेहमी उजवा कान करून बसायचा. त्यामुळे तो कुणाशीही बोलत असला तरी काहीतरी खाजगी ऐकत असल्यासारखा वाटे.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आईने बोंबलाचं कालवण केलं. जेवून तिघं मागच्या ओट्यावर, चिकूच्या झाडाखाली बसली, आणि हर्षलाने पुण्याची सगळी हकिकत सांगितली. दोन माणसांपर्यंत आली तेव्हा कल्पेश सरळ बसला.

"म्हणजे त्या दातावर बाबा आहेत आणि तू त्यांना जाळायला निघालीस?"

"बाबा नाहीत रे, थुंकी आहे."

"दुसऱ्या कुणाची असती तर मीपण थुंकीच म्हटलं असतं."

"जिवंत होते तेव्हा ओट्यावरून थुंकू नका म्हणून मी घसा फोडायचे," आई म्हणाली. "आता भांडा त्याच्यावरून."

पण कल्पेश काय बोलत होता ते तिघांनाही माहीत होतं. दोन-तीन वर्षांत 'आप्तवाचन' गावोगाव पोचलं होतं. मावशीच्या लहान बहिणी आता दवाखान्यांच्या शेजारी बसत आणि लोक त्यांच्याकडे गेलेल्या माणसांच्या वस्तू घेऊन जात. सनईची पत्ती. दातांत धरलेल्या टाचण्या. आईने सुईत ओवण्याआधी ओठांनी ओला केलेला दोऱ्याचा शेंडा. त्या दिवशी माणसाने काय खाल्लं होतं, कुठलं पाणी प्यायला होता, अंगात ताप होता का, मन शांत होतं का घाबरलेलं, एवढं थुंकीत उतरलेलं असायचं. पालघरच्या ज्या कॉलेजात हर्षला ग्रंथपाल होती, तिथल्या शिपायाने आजोबांच्या बासरीचं आप्तवाचन केलं आणि आठवडाभर तो सगळ्यांना सांगत सुटला होता, की आजोबा वाजवताना घाबरलेले असायचे.

"तुला बाबांची थुंकी वाचायचीच असेल तर घरात त्यांचं पुष्कळ काही आहे," हर्षला म्हणाली. "कवळी आहे."

"घरातले बाबा मला माहीत आहेत. वर्षातून दोनदा यायचे. बॅग उघडी असायची तोवर घरात असायचे." कल्पेश चिकूचं बी बोटांत फिरवत होता. "तुझ्याकडे तिकडचे बाबा आहेत. डोंगरावरचे, हसणारे. तू त्यांच्या गोष्टी सांगतेस ना ताई, तेव्हा मला वाटतं, हा कोण माणूस? ह्याला मी भेटलोच नाही."

"तू लहान होतास. ऊन सोसायचं नाही तुला."

"माहीत आहे. तक्रार नाही माझी." त्याने ते बी झाडाच्या बुंध्याशी टाकलं. "मी तिकडे मजेत असतो. खोटं कशाला सांगू. वर केबिनमध्ये बसलो, समोर समुद्र, खाली कुणी नाही. घरचं काही आठवत नाही तासन्‌तास. मग फोनवर पोरगी दिसली की स्वतःची लाज वाटते. बाबांचंही तसंच होतं का, एवढंच मला बघायचंय. त्या डोंगरावर ते सुटल्यासारखे होते का."

आई भांडी गोळा करायला उठली. "होते तर काय करशील?"

"काही नाही. माझ्यासारखा आणखी एक होता, एवढं कळेल."

"आणि मुशींचं माहेर?" हर्षलाचा आवाज तिला नको होता तेवढा चढला. "शेवटपर्यंत त्यांच्या डोक्यात तेच होतं. त्याचं काय?"

"कसलं माहेर?" कल्पेशने विचारलं.

हर्षला त्याच्याकडे बघत राहिली. त्याला खरंच माहीत नव्हतं. पिवळा पट्टा, लहान दात, बाळंतपणाला येणाऱ्या मुशी, ह्यातलं काहीच बाबांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तिने मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो उजवा कान तिच्याकडे करून, मान जराशी खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "छान आहे. मला सांगायला हवं होतं त्यांनी."

रागाने म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस तिला काम सुचेना. ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवताना ती त्याच दोन गोष्टी एकमेकींसमोर मांडायची. बाबांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं. त्यांनी इतक्या रविवारांत जे कमावलं ते सगळं एका तांदळाएवढ्या मुळात येऊन बसलं होतं. ते तिने वाया घालवायचं? आणि दुसरी गोष्ट मान्य करायला तिला वेळ लागला. वरचा थर वाचला तर तो दिवसही वाचला जाणार होता. ती त्या दिवसावर आजवर जगत आली होती. परीक्षेत नापास झाली तेव्हा, लग्न मोडलं तेव्हा, बाबांना दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा, प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात त्या उतारावर जाऊन बसली होती. त्या दिवसाला यंत्र लावायचं तिला धाडस होत नव्हतं.

पण बाबांनी तिला उतार दिला होता, हसणं दिलं होतं, दात दिला होता. आणि आता तिला दिसत होतं, की प्रश्नसुद्धा तिलाच दिला होता. कल्पेशच्या वाटणीला उघडी बॅग आली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने निखतला फोन केला.

"वरचं वाचा."

"ताई, नीट विचार केलाय ना? ही फक्त तुमच्या बाबांची गोष्ट नाही. त्या किनाऱ्याबद्दल कुणालाच पुन्हा काही विचारता येणार नाही."

"केलाय."

"मला आवडलेलं नाही, हे सांगून ठेवते. माझ्या हातात असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"माहीत आहे मला," हर्षला म्हणाली. "दात माझा आहे, म्हणून माझ्या हातात आहे."

---

पुण्याला आईही आली. "इतकी वर्षं दगड चाटले, काय चव लागली ते तरी कळू दे," असं म्हणून गाडीत बसली, मांडीवर चिकूची पिशवी घेऊन.

मावशीचं काम सकाळी सुरू झालं. काचेपलीकडे दिसण्यासारखं काही नव्हतं. एक निळसर ठिपका आणि त्यातून निघणारी धुराची रेघ, तीही असेल असं मानलं तरच दिसणारी. कल्पेश मात्र काचेला नाक लावून उभा होता. निखत पडद्यासमोर बसली होती. गेल्या दोन तासांत ती हर्षलाशी कामापुरतंच बोलली होती, पण पडद्यावर अक्षरं उमटायला लागली तशी तिची खुर्ची आपोआप त्या तिघांकडे वळली.

"बाजरी. गूळ. तीळ. सुकी मासळी. चहा तर विचारू नका. आणि तंबाखू."

"तंबाखू?" आई ताडकन म्हणाली. "मला म्हणाले पोरगी झाली तेव्हाच सोडली!"

"सोडली नव्हती."

"एक वर्ष झालं माणूस जाऊन, आता मी भांडू कुणाशी?"

कल्पेश हसला. आईही हसली, पदराने डोळे पुसत. काही क्षण ते चौघं एखाद्या बारशाला जमल्यासारखे होते. मग निखतने पडद्यावरची एक रेघ बोटाने मोठी केली आणि तिचा आवाज बदलला.

"शरीर ताणात असलं की एक रसायन रक्तात वाढतं, तेच थुंकीतही येतं. मुलीचं अगदी खाली आहे. मुलगी मजेत होती." तिने हर्षलाकडे बघितलं. "त्यांचं खूप वर आहे. मी आजवर वाचलेल्यांत इतकं वर क्वचित."

हर्षलाला आधी काही वाटलंच नाही. मग हळूहळू, पाय ओल्या वाळूत रुतावा तसं तिला जाणवत गेलं, की ज्या माणसाच्या शेजारी ती आयुष्यभर मनाने जाऊन बसत होती, तो तिथे तिच्याबरोबर सुखात नव्हता. हसून हसून खाली बसलेला तो माणूस आतून भेदरलेला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"म्हणजे सुटल्यासारखे नव्हते," कल्पेश हळूच म्हणाला. त्यात सुटका होती का निराशा, ते त्यालाही कळत नसावं.

"हा दात कधीचा गं?" आईने विचारलं.

"मी दुसरीत होते. संक्रांत तिकडेच केली आम्ही. नाही का, बाबा मला शाळा बुडवून महिनाभर घेऊन गेले होते." हे वाक्य हर्षलाने आजवर पुष्कळांना ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिची मान थोडी ताठ होत असे.

आईने चिकूची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"त्यांनी नेलं नव्हतं. मी पाठवलं होतं तुला. कल्पेश वलसाडला दवाखान्यात होता, मेंदूज्वराने. ह्यांची रजा संपली, परत जाणं भाग होतं. मी एकटी तिथे बाकड्यावर झोपणारी, तुला कुठे ठेवणार? म्हटलं, घेऊन जा हिला, आणि हिला काही कळू देऊ नका." ती कल्पेशकडे वळली. "तू डोळे उघडत नव्हतास. डॉक्टर म्हणाले होते, आठ दिवस काढले तर बघू. ते गेले तेव्हा त्यांना वाटलं होतं, तुला शेवटचं बघून निघालेत."

मेंदूज्वर झाला होता हे दोघा भावंडांना माहीत होतं. केव्हा, ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि दोघांनी कधी विचारलंही नव्हतं.

कल्पेश काचेपासून मागे सरकला आणि मिळाली त्या खुर्चीत बसला. पलीकडे निळा ठिपका विझला होता. पिवळ्या दगडात तेवढ्या जागी चिमूटभर पांढरी राख दिसत होती.

"आतलं भाजलं," निखत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. थोड्या वेळाने ती पडद्याकडे बघून पुढे बोलायला लागली. "तसं बघायला गेलं, तर उन्हात चढ चढून आल्यावरसुद्धा हे रसायन—"

हर्षलाने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"काय?" कल्पेशने उजवा कान पुढे करून विचारलं. "उन्हात काय?"

निखतने पडदा बंद केला. "काही नाही. चहा सांगते सगळ्यांना," असं म्हणून ती बाहेर गेली.

चहा येईपर्यंत तिघंच होती. आई राखेकडे बघत होती. कल्पेशने तोंडावरून एकदा हात फिरवला आणि बहिणीकडे वळला.

"त्या दिवशी काय काय झालं, ताई? पहिल्यापासून सांग."

तो दिवस तिने इतक्यांदा सांगितला होता, की शब्दही ठरून गेले होते. उतार, पिवळा पट्टा, दात, जीभ, हसणं. तिने तसंच सुरू केलं. सकाळी निघालो. बाबांनी पंचा ओला करून माझ्या डोक्याला बांधला. मला एक खिळा दिला आणि म्हणाले, इथे बसून खरवड. आणि इथे ती अडखळली.

"मग ते वर गेले," ती म्हणाली.

"कुठे वर?"

"डोंगराच्या माथ्यावर. खाणीवर रेंज नसायची. वर गेलं तरच आईला फोन लागायचा." ती सावकाश बोलत होती, अंधारात हाताने चाचपत जावं तशी. "हात उंच धरून उभे राहायचे. खाली यायचे, माझ्याजवळ जरा टेकायचे, की पुन्हा वर. दात सापडला तेव्हा ते वरच होते. मी हाका मारल्या, पण लगेच आले नाहीत. पाठमोरे उभे होते."

तिच्या गोष्टीत हे कधीच नव्हतं. तिच्या गोष्टीत बाबा सबंध वेळ तिच्या शेजारी बसलेले असायचे. हे खरंच आठवलं, की आत्ता ह्या खोलीत भावाच्या चेहऱ्याकडे बघता बघता सुचलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि आता जगातलं कुठलंच यंत्र ते सांगणार नव्हतं.

"मग?" कल्पेश म्हणाला.

"मग फोन लागला असणार," हर्षला म्हणाली. "कारण खाली आले ते धावत."